पेनांगला आपले आपण, फुकेतला बोटीबरोबर

नाशिकच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

"जानेवारीत आम्ही तिघं सिंगापूरहून क्रूझला निघतोय. मी 61 वर्षांची. यजमान 66, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालतात, पण जिने टाळतात. आणि माझ्या वन्सं, वय 73. बोट एक दिवस पेनांगला आणि एक दिवस फुकेतला थांबणार, दोन्हीकडे सकाळी 8 ते संध्याकाळी 5. बोटीच्या सहलींचे दर ऐकून यजमान म्हणाले, 'उतरायलाच नको.' भाच्याने इंटरनेटवरून पेनांगची अकरा आणि फुकेतची नऊ ठिकाणं काढून दिलीत, त्यात फी फी बेटंही आहेत. आपलं आपण फिरावं, तर बोट सुटली तर काय, ही धास्ती. वन्संना कांदा-लसूण चालत नाही. त्या म्हणतात, 'तुम्ही जा, मी बोटीवर बसते.' मुलाने हौसेने तिकिटं काढलीत. काय करावं?"

ताई, मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत, दोन्ही गावांना एकच हिशेब लावताय, म्हणून गोंधळ होतोय. पेनांगला बोटीची सहल घेऊ नका. तिघं आपले आपण उतरा. फुकेतला मात्र पैसे मोजा आणि बोटीचीच अर्ध्या दिवसाची सहल घ्या. बोट कुठे उभी राहते, त्यावरून मी हे सांगते आहे. भाच्याच्या यादीत नेमकी तीच माहिती नसते.

पेनांगला क्रूझची बोट स्वेटनहॅम धक्क्याला लागते आणि हा धक्का जॉर्ज टाऊन या जुन्या शहरातच आहे. फाटकातून बाहेर पडलात की काही मिनिटांत फोर्ट कॉर्नवॉलिसची तटबंदी दिसते. 1786 मध्ये फ्रान्सिस लाइटने ईस्ट इंडिया कंपनीसाठी हे बेट ताब्यात घेतलं, तेव्हा तो याच टोकाला उतरला होता. 2008 मध्ये युनेस्कोने मलाक्काबरोबर जॉर्ज टाऊनला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यातलं पाहण्यासारखं पुष्कळसं धक्क्यापासून चालत किंवा रिक्षाने जाण्याइतकं जवळ आहे. अशा गावी बसमध्ये बसून, गाइडच्या झेंडीमागे पळत फिरण्यासाठी तिघांचे पैसे का घालवायचे?

आधी वेळेचं बघू. "8 ते 5" म्हणजे नऊ तास असं वाटतं, पण ते तुमच्या हातात येत नाहीत. बोट आठला लागते. कागदपत्रांचे सोपस्कार होऊन माणसं खाली उतरायला लागेपर्यंत नऊ वाजतात, कधी जास्तही. पाचला बोट सुटणार म्हणजे सगळ्यांनी साधारण साडेचारच्या आत चढायचं. तुमच्याबरोबर 73 वर्षांच्या बाई आहेत, म्हणून तुम्ही साडेतीनलाच फाटकात हजर असायचं. उरले सहा-साडेसहा तास. त्यातही साडेअकरा ते दोन हा उन्हाचा वेळ रस्त्यावर काढण्यासारखा नाही. जानेवारीत तिकडे पाऊस तसा कमी असतो, पण पारा दुपारी 31-32 अंशांवर जातो आणि हवेतल्या दमटपणाने माणूस गळून जातो. आपल्या नाशिकच्या थंडीतून थेट तिथे गेल्यावर ते जास्तच जाणवेल. मग तुमच्याकडे सकाळचे अडीच तास आणि दुपारचा तासभर राहतो. एवढ्यात अकरा ठिकाणं केली, तर हाती नुसते फोटो लागतील.

सकाळी मी तुमच्या जागी असते, तर जालान मस्जिद कपितान केलिंग हा एकच रस्ता धरला असता. जुन्या नकाशांत त्याचं नाव पिट स्ट्रीट. एका टोकाला 1818 चं पांढऱ्या खांबांचं सेंट जॉर्ज चर्च, पुढे उदबत्त्यांच्या धुराने भरलेलं क्वान यिन या करुणादेवीचं चिनी देऊळ, त्याच्या मागच्या क्वीन स्ट्रीटवर 1833 चं श्री महामारिअम्मन मंदिर आणि मग भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभारलेली कपितान केलिंग मशीद. ही चारही एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. बंदराच्या गावात मद्रास किनाऱ्यावरून, चीनच्या फुकियन प्रांतातून, इंग्लंडहून माणसं आली, त्यांनी आपापले देव बरोबर आणले आणि शेजारी शेजारी बसवले. हे एवढं सावकाश पाहिलं तरी पेनांग पाहिल्यासारखं होईल.

मारिअम्मनच्या देवळात सकाळीच जा. दक्षिणी पद्धतीची देवळं दुपारी बंद असतात. वन्संना सांगा की ही देवी आपल्याकडच्या मरीआईसारखीच रोगराईपासून गाव राखणारी आहे. मुहूर्त जुळतो का, तेही बघा: थैपुसम हा मुरुगनचा, म्हणजे तमिळ लोकांच्या कार्तिकेयाचा, उत्सव जानेवारी-फेब्रुवारीत येतो आणि पेनांगमध्ये तो फार मोठा असतो. मुरुगनचा रथ लिटल इंडिया या भारतीय वस्तीतून निघतो, रस्ते माणसांनी भरून जातात. तुमची तारीख त्याच दिवशी येत असेल तर गाडीचा विचारच सोडा, जे दिसेल ते धक्क्याजवळ उभं राहून बघा. चिनी नववर्षही याच सुमाराला येतं आणि त्या दिवसांत बरीच दुकानं बंद असतात.

यजमानांच्या गुडघ्यासाठी एक सांगून ठेवते. तिथल्या जुन्या दुकानघरांपुढे छप्पर असलेली पायवाट असते. उन्हापावसात तिचा मोठा आधार वाटतो, पण प्रत्येक दुकानदाराने आपल्यापुढची फरशी आपल्या मनाच्या उंचीवर घातलेली आहे. दर दहा-पंधरा पावलांनी एखादी पायरी वर, एखादी खाली, मध्येच लावलेली मोटारसायकल, बाजूला गटार. वर कमानी आणि रंगीत खिडक्या बघत चालणारा माणूस इथेच पडतो. चालताना खाली बघायचं, वर बघायचं असेल तेव्हा थांबायचं. घरी नसेल वापरत तरी काठी बरोबर द्या.

वन्संसाठी सायकलरिक्षा करा. तिथे प्रवासी पुढे बसतो आणि चालवणारा मागून पेडल मारतो, त्यामुळे समोरचा रस्ता मोकळा दिसतो. भाडं तासावर ठरतं. बसण्याआधीच किती वेळ आणि एकूण किती रिंगिट (मलेशियाचं चलन), हे बोटांवर मोजून पक्कं करा आणि "माणशी की मिळून?" हे आवर्जून विचारा. लांब जायचं असेल तर ग्रॅब अ‍ॅपवरून गाडी मागवा. आकडा आधीच दिसतो, वाद होत नाही. शहराच्या मधल्या भागात कॅट नावाची फुकट बसही फिरते.

दुपारच्या उन्हात एका घरात शिरा: चर्च स्ट्रीटवरचा पेरानाकन मॅन्शन. तिथल्या श्रीमंत चिनी-मलय घराण्यांचा हिरवा वाडा आहे हा. आत दागिने, भरतकाम, मणीकामाच्या चपला, मोठमोठी जेवणाची टेबलं. तिकीट आहे, पण ते वसूल होतं. वरचा मजला यजमानांनी सोडला तरी चालेल. खालचा चौक आणि दालनं पुरेशी आहेत, बसायलाही मिळतं. भाच्याच्या यादीतल्या पेनांग हिलवर आणि केक लोक सीच्या देवळात मात्र जाऊ नका. दोन्ही गावाबाहेर आहेत. टेकडीच्या रेल्वेला रांग लागते आणि केक लोक सी म्हणजे पायऱ्याच पायऱ्या.

वेळ उरला तर च्यू जेट्टी. समुद्रात खांब रोवून बांधलेली लाकडी घरं आणि मधून फळ्यांची वाट. च्यू आडनावाच्या कुटुंबांच्या पिढ्या तिथे राहत आल्यात, आजही राहतात. पुढच्या घरांत दुकानं झालीत, पण आतल्या बाजूला माणसांचे संसार आहेत. मालवणात पर्यटक कुणाच्या खळ्यात शिरून वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढायला लागला तर घरच्या बाईला कसं वाटेल, तसंच तिथल्या बाईलाही वाटतं. दारातून आत डोकावू नका, देव्हाऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय घेऊ नका, आवाज बेताचा ठेवा. हे मी तुम्हालाच नाही, क्रूझवर जाणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते. बोटीतून एका वेळी हजारो माणसं उतरतात आणि त्या फळ्या अरुंद आहेत.

आता जेवण. पेनांगमध्ये कांदा-लसूण न खाणाऱ्या बाईची उपासमार होत नाही, फक्त विचारून खावं लागतं. लिटल इंडियात शाकाहारी दक्षिणी खाणावळी आहेत. सांबारात कांदा असणार, पण साधा डोसा, दहीभात चालून जाईल. पुटू मायाम शोधा: आपण शेवया म्हणू तसा तांदळाचा प्रकार, वर ओलं खोबरं आणि ताडगूळ. त्यात कांदा-लसणाचा संबंधच नाही. चेंदोल म्हणजे नारळाचं दूध, ताडगूळ, हिरव्या शेवया आणि राजमा, भुगा केलेल्या बर्फावर. शाकाहारीच आहे, पण बर्फाचं पाणी कुठलं याची खात्री नसेल तर गाड्यावर न खाता स्वच्छ दुकानात बसून खा. जायफळाचं सरबत पेनांगची खासियत. ते नक्की घ्या. जपायचं आहे ते दुसऱ्या गोष्टीला. साध्या परतलेल्या पालेभाजीतही तिथे बेलाचान, म्हणजे सुक्या कोळंबीचा गोळा घालतात. दिसत नाही, नुसता वास येतो. "भाजीच आहे" एवढ्यावर भागवू नका.

आणि सगळ्यात सोपी वाट बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. बोट धक्क्याला लागलेली असते तेव्हा दिवसभर वर-खाली करता येतं. कार्ड दाखवायचं, सामान तपासून घ्यायचं आणि आत. बोटीवरच्या जेवणाचे पैसे तिकिटात भरलेलेच आहेत. सिंगापूरहून निघणाऱ्या बोटींवर भारतीय शाकाहारी जेवण बहुतेक वेळा मिळतं, कांदा-लसणाशिवायचं हवं असेल तर आधी कळवावं लागतं. ते मुलाकडून आत्ताच कळवून ठेवा. मग पेनांगला दुपारी साडेबाराला परत या, जेवा, वन्संना आडवं होऊ द्या आणि हवं तर तुम्ही दोघं दोनला पुन्हा खाली उतरा.

आता वन्संबद्दल. "तुम्ही जा, मी बसते" या वाक्याचे दोन अर्थ असू शकतात. खरंच त्यांना निवांत गॅलरीत बसून समुद्र बघायचा असेल, तर तो त्यांचा हक्क आहे. आग्रह करू नका. पण आपल्यामुळे भाऊ-भावजयीचं फिरणं अडेल, एवढ्याच भीतीने त्या म्हणत असतील, तर त्यांना बोटीवर ठेवून गेल्याचं तुम्हालाच पुढे लागून राहील. एकदा यजमान समोर नसताना त्यांना विचारा. "येता का?" असं मोघम विचारलंत तर त्या नाहीच म्हणतील. "सकाळी रिक्षाने देवीच्या देवळात जायचं, खोबरं-गुळाच्या शेवया खायच्या आणि जेवायला बोटीवर परत, एवढंच," असं सांगा. किती चालायचं, कुठे बसायचं, स्वच्छतागृह कुठे मिळेल, हे आधी कळलं की म्हातारी माणसं उत्साहाने निघतात. आणि शेवटचा शब्द त्यांचा.

फुकेतचं गणित निराळं आहे. तिथे क्रूझच्या बोटी कधी पातोंगच्या उपसागरात नांगर टाकून उभ्या राहतात, तर कधी बेटाच्या आग्नेयेकडच्या आओ माखाम बंदराला लागतात. तुमची बोट काय करणार, हे बुकिंगवाल्यांना स्पष्ट विचारा. नांगर टाकणार असेल, तर किनाऱ्यापर्यंत छोट्या होडीतून न्यावं लागतं. त्याला टेंडर म्हणतात. बोटीच्या पोटातल्या दारातून त्या होडीत पाऊल टाकायचं असतं आणि लाटेवर होडी वर-खाली होत असते. खलाशी दोन्ही दंड धरून उतरवतात, घाबरण्यासारखं नाही, पण यजमानांच्या गुडघ्याला ते एक पाऊल सगळ्या दिवसात जड जाईल. खलाशी "आत्ता" म्हणेल तेव्हाच पाऊल टाकायचं, हातात पिशवी ठेवायची नाही. शिवाय टेंडरला नंबर लागतात, सहलवाल्यांना बहुधा आधी सोडतात आणि परतताना किनाऱ्यावर उन्हात रांग लागते. समुद्र खवळला तर कप्तान फुकेत रद्दही करू शकतो. अशा वेळी बोटीकडून घेतलेल्या सहलीचे पैसे साधारणपणे परत मिळतात, बाहेरच्या एजंटाला दिलेले मिळतीलच असं नाही.

आओ माखामला लागली, तर पायरीचा प्रश्न सुटतो, पण बंदराबाहेर पाहण्यासारखं काही नाही. जुनं फुकेत शहर तिथून सुमारे 10 किलोमीटर, पातोंग त्याहून बरंच लांब. पातोंगहून जुन्या शहरात यायचं तरी मध्ये घाट आहे आणि दुपारनंतर वाहनं तुंबतात. टॅक्सीचे दर तिथे चढे असतात. या सगळ्याची काळजी दुसऱ्यावर सोपवण्याचे पैसे तुम्ही बोटीला देता, आणि तुमच्या तिघांच्या वयाला ते देण्यासारखे आहेत, असं माझं ठाम मत आहे. सहलीची बस वाहतुकीत अडकली तर बोट तिच्यासाठी थांबते. तुमची टॅक्सी अडकली तर थांबत नाही.

सहल निवडताना जुनं शहर आणि वाट चालोंग एवढंच असलेली, अर्ध्या दिवसाची बघा. थालांग रस्ता आणि सोई रोमानी ही गल्ली बघितलीत की पेनांगची आठवण होईल. कथिलाच्या खाणींच्या काळात फुकियनहून आलेल्या चिनी घराण्यांचा दोन्ही गावं घडवण्यात मोठा वाटा आहे. वाट चालोंग हे फुकेतचं मोठं बौद्ध मंदिर. 1876 मध्ये चिनी खाणकामगारांच्या उठावात गावाला आधार देणारे लुआंग फो चेम हे भिक्षू तिथे पूजले जातात. नवस फेडायला लोक तिथल्या विटांच्या भट्टीत फटाक्यांच्या माळा लावतात. एकदम मोठा आवाज होतो, वन्संना आधी सांगून ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे हवेत, चपला बाहेर काढायच्या. उंच स्तूपाच्या आतल्या जिन्याच्या वाटेला यजमानांनी जाऊ नये.

खाण्याच्या बाबतीत फुकेतने तुमची सोय करून ठेवली आहे. पिवळ्या पताकेवर लाल थाई अक्षर दिसलं की ते "जे" जेवण: मांस, मासे, दूध नाही, शिवाय कांदा आणि लसूणही नाही. फुकेतच्या चिनी लोकांचा नऊ दिवसांचा शाकाहाराचा मोठा उत्सवच असतो, त्यामुळे "जे" म्हटलं की तिथल्या माणसाला लगेच कळतं. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलंत तर भाजीत माशाचं पाणी, म्हणजे नाम प्ला, पडण्याची शक्यता राहते.

फी फी विसरा. स्पीडबोट लाटांवर आपटत जाते, पाठीचे आणि गुडघ्याचे हाल होतात, आणि परतताना तासभर उशीर झाला तर तुमची बोट गेलेली असेल. हत्तीवर बसवण्याचे खेळही नकोत. त्या जनावरांचे फार हाल करून त्यांना तयार करतात.

बोट सुटण्याची धास्ती म्हणालात, तर त्यात एक खरा सापळा आहे आणि तो घड्याळाचा. सिंगापूर आणि मलेशिया आपल्यापुढे अडीच तास, थायलंड मात्र दीडच तास. फुकेतला मोबाइल आपोआप एक तास मागे जातो. बोटीने घड्याळ सिंगापूरच्याच वेळेवर ठेवलं असेल, तर तुमच्या मोबाइलमध्ये साडेतीन वाजलेले असताना बोटीवर साडेचार झालेले असतात. आपल्याकडे अजून तास आहे, असं समजून माणूस दुकानात रेंगाळतो आणि फसतो. यजमानांच्या मनगटावरचं साधं घड्याळ बोटीच्या वेळेला लावा आणि गावात असताना तेच बघा. बोट कुठली वेळ पाळणार, ते आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकात असतं. त्याच पत्रकावर बंदरातल्या एजंटाचा फोन नंबरही असतो. त्याचा फोटो काढा आणि तो कागद घडी करून वन्संच्या पर्समध्येही ठेवा. मोबाइल बोट समुद्रात असेपर्यंत फ्लाइट मोडवर असू द्या. समुद्रात बोटीचं स्वतःचं नेटवर्क पकडलं की बिल फार येतं.

उतरताना प्रत्येकाकडे स्वतःचं बोटीचं कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स, थोडे स्थानिक पैसे, मूळ पाकिटातली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, ओआरएसची पुडी, पाण्याची बाटली आणि छत्री एवढं हवं. तिघांचे पैसे आणि कागद एकाच पिशवीत ठेवू नका. बोटीवरची फळं किंवा डबा भरून खाली नेऊ नका, बंदरावर अडवतात. प्रवासविमा घेतलाच असेल. त्यात परदेशातल्या इस्पितळाचा खर्च आणि बोट चुकण्याचा उल्लेख आहे का, हे मुलाला वाचायला सांगा.

आणि व्हिसा. तुम्ही सिंगापुरात विमानाने उतरणार, बोटीने बाहेर जाणार आणि बोटीने परत येणार, म्हणजे सिंगापूरमध्ये दोनदा प्रवेश. तुमचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, ते तिघांच्याही कागदावर तपासा. मलेशिया आणि थायलंडचे भारतीयांसाठीचे नियम अधूनमधून बदलतात, येण्याआधी ऑनलाइन भरायचे अर्जही असतात. दोन्ही देशांच्या सरकारी संकेतस्थळांवर निघण्याच्या महिनाभर आधी एकदा आणि आठवड्याभर आधी पुन्हा बघा. बोटवाले हे कागद सिंगापूरच्या धक्क्यावरच मागतात, आणि एकाचाही कमी पडला तर त्या माणसाला बोटीवर चढू देत नाहीत.